भांड्यावरचे नाव

आपल्याकडे लग्नात भांडी देतात, आणि देण्यापूर्वी त्यांवर नाव घालून घेतात. दुकानाच्या पायरीशी बसलेला माणूस पूर्वी टोच्याने टिकटिक करीत ठिपक्यांची अक्षरे उठवी. आता तेच काम विजेच्या सुईने होते. कोणी दिले, कोणास दिले, निमित्त काय, तारीख कोणती, एवढे सारे त्या पितळेवर किंवा पोलादावर कायमचे लिहिले जाते. आपणांपैकी ज्यांच्या घरी आजीच्या वेळची घागर किंवा परात असेल त्यांनी आज घरी गेल्यावर ती पालथी करून पाहावी. देणाऱ्या मामाचे नाव सापडेल. ज्याने ती ठोकून घडवली त्याचे सापडणार नाही.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझी शाळा नववीला सुटली आणि पुढचे शिक्षण गावच्या वाचनालयात, रात्रपाळी नसेल त्या संध्याकाळी झाले. गेली तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करतो आहे. व्याख्यानमालेच्या चालकांनी मला कामगार चळवळीवर बोलावयास सांगितले होते. मी मध्ययुगीन इस्लामी जगातील चांदी जडवलेली भांडी हा विषय मागून घेतला, तेव्हा चिटणीस थोडा वेळ माझ्याकडे पाहतच राहिले. माझ्या मते विषय फारसा बदललेला नाही.

सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात एक बादली आहे. वीतभरही उंच नाही. सुमारे १८ सेंटिमीटर. तांब्याच्या मिश्रधातूची, ओतीव, वर धरावयास कडी. १८८५ साली ती बुखारा शहरात विकत घेतली गेली आणि बोब्रिन्स्की नावाच्या रशियन सरदाराच्या संग्रहात आली, म्हणून जगभर तिला बोब्रिन्स्की बादली म्हणतात. (म्हणजे येथेही नाव चिकटले ते विकत घेणाऱ्याचेच!) कडीवर महिना आणि साल कोरले आहे: मुहर्रम, हिजरी सन ५५९. आपल्या हिशेबाने ११६३ सालचा डिसेंबर. अंगावर आडवे पट्टे आहेत आणि त्यांत चांदी व तांबे जडवून चित्रे केली आहेत. कोणी मद्य पितो आहे, कोणी वाद्य वाजवतो आहे, दोघे सोंगट्यांसारखा डाव मांडून बसले आहेत, घोडेस्वार शिकारीला निघाले आहेत. अक्षरांची गंमत तर विचारू नका. अरबी लिपीतील उभ्या रेघांना माणसांची मुंडकी फुटली आहेत. अक्षरेच एकमेकांशी बोलत आहेत असे वाटते.

परंतु माझे लक्ष वेधले ते चित्रांनी नव्हे. काठाभोवती जो लेख आहे त्यात चार माणसांची नावे आहेत. बादली करविली अब्दुर्रहमान इब्न अब्दुल्ला अर्-रशीदी याने. घडवली मुहम्मद इब्न अब्दुल वाहिद याने. नक्षी केली हेरातचा नक्काश मसऊद इब्न अहमद याने. आणि मालक कोण, तर ख्वाजा रुक्नुद्दीन, मूळचा झंजानचा, ज्याला लेखात व्यापाऱ्यांचे भूषण म्हटले आहे. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला कारखान्यातल्या जॉबकार्डाची आठवण झाली. ऑर्डर कोणाची, ओतकाम कोणाचे, फिनिशिंग कोणाचे, माल कोणाला जायचा. फरक इतकाच की जॉबकार्ड महिनाअखेर रद्दीत जाते आणि हे कार्ड चांदीत लिहिले गेले.

मालक राजा नव्हता, सरदार नव्हता, व्यापारी होता, हे ध्यानात ठेवावे. हेरात म्हणजे आजच्या अफगाणिस्तानच्या पश्चिमेचे शहर, खुरासान प्रांतातले. तेथून झंजान इराणच्या पार दुसऱ्या टोकाला. अशा लांब पल्ल्याच्या व्यापाऱ्यांच्या गाठी पैसा होता आणि राजाच्या घरी शोभेल अशी वस्तू आपल्या घरी असावी ही हौस होती. याच हेरातचा दुसरा कारागीर, महमूद इब्न मुहम्मद, याने ११८२ साली केलेली झारी आज जॉर्जिया देशात तिबिलिसीला आहे. तिच्यावर फारसी पद्ये आहेत आणि त्यांत त्याने आपल्या झारीची मनमुराद स्तुती केली आहे. मला ही बढाई आवडली. आपल्या हातच्या मालाविषयी एवढ्या मोकळेपणाने बोलणारा कामगार क्वचित भेटतो. बहुतेकांना आपण चांगले काम करतो हे सांगण्याचीही चोरी वाटते.

आता हे काम होई कसे, ते जरा सविस्तर सांगतो. त्यातच सारा जीव आहे, आणि पुस्तके लिहिणारे विद्वान ते दोन ओळींत उरकतात. जडवणे म्हणजे चिकटवणे नव्हे. येथे झाळकाम नाही, डिंक नाही. आधी भांडे तयार करायचे, ओतून किंवा पत्रा ठोकून. त्यावर आकृतीची रेघ उमटवायची. मग कलम आणि हातोडी घेऊन आकृतीच्या आतला धातू अगदी थोडा खरवडून काढायचा, आणि खळगीच्या कडा आतल्या बाजूने पोखरायच्या. म्हणजे खळगीचे तोंड अरुंद, तळ रुंद. चांदीचा पातळ पत्रा त्याच आकाराचा कापायचा, खळगीत ठेवायचा आणि हलक्या हाताने ठोकायचा. चांदी मऊ असते. ठोकल्यावर ती पसरते आणि पोखरलेल्या कडेखाली शिरते. वरून पितळेची कड तिच्यावर दाबली की धातूने धातू धरला. एक ठोका जास्त पडला तर चांदी फाटते, कमी पडला तर चार दिवसांनी गळून पडते. हे झाल्यावर त्या चांदीवर पुन्हा बारीक कलमाने डोळे, नाक, अंगरख्याच्या चुण्या, घोड्याचा लगाम कोरायचा. माणूस कित्येकदा नखाएवढा! शेवटी मोकळ्या जागेत राळेसारखे काळे द्रव्य भरायचे, म्हणजे चांदी उठून दिसते.

आमच्या भागातील मंडळींना हे ऐकून बिदरचे काम आठवेल, आणि ते योग्यच आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि बिदर एकाच हैदराबाद राज्यात होते. अनेक घरांत बिदरी डबी किंवा हुक्क्याचा तळ अजून असेल. बिदरी काम हेरातनंतर कित्येक शतकांनी बहराला आले, आणि त्याचा धातूही निराळा: जस्त जास्त, तांबे थोडे. काळेपणा भरलेला नसतो. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून धातूच काळा करतात. पण चांदी खळगीत ठोकून बसवायची ही युक्ती त्याच घराण्यातली. शब्दही त्याच वाटेने आपल्याकडे आले आहेत. आपण नक्षी म्हणतो, ती अरबीतील ‘नक्श’. तस्त, शमादान, सुरई हे शब्द तर आपल्या जुन्या वाड्यांत रोजचे होते.

कोणी विचारील, एवढा खटाटोप करण्यापेक्षा सारे भांडेच चांदीचे का करू नये? याला अभ्यासक दोन-तीन उत्तरे देतात. अकराव्या-बाराव्या शतकांत त्या मुलखात चांदीचा तुटवडा होता. नाण्यांतली चांदीसुद्धा घटत गेली होती. शिवाय सोन्याचांदीच्या भांड्यांत खाणेपिणे धर्मदृष्ट्या निषिद्ध मानले जाई. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. पण मला तिसरी गोष्ट दिसते. चांदीचे भांडे कोणीही केले तरी तागडीत घातले की त्याची किंमत ठरते. पितळेच्या भांड्यावर गुंजा-गुंजांनी चांदी जडवली की त्याची किंमत तागडीला सांगता येत नाही. ती करणाऱ्याच्या हातावर ठरते. कारागीर स्वतःचे नाव घालू लागला तो या कामात, आणि ग्राहकाने ते घालू दिले, याचे कारण मला येथे सापडते.

तेराव्या शतकात या कामाचे नाव झाले ते इराकच्या उत्तरेकडील मोसुल शहरात. १२५० च्या सुमारास लिहिणाऱ्या इब्न सईद या अंदलुसी भूगोलकाराने नोंदवले आहे की, मोसुलची जडावाची पितळी भांडी बाहेरगावी जातात आणि राजेलोकांना नजर केली जातात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तेथली एक झारी आहे, उंची सुमारे ३० सेंटिमीटर. ब्लाका या फ्रेंच सरदार घराण्याच्या संग्रहाबरोबर ती १८६६ साली तेथे आली आणि ब्लाका झारी झाली. तिची तोटी आज नाही, पण अंगभर चित्रे आहेत: आरशात पाहणारी बाई आणि तिची दासी, उंटावरच्या मेण्यातून निघालेली स्त्री, शिकार. गळ्यावर लेख आहे की, शुजा इब्न मना याने ही झारी रजब महिन्यात, ६२९ साली, मोसुल येथे केली. म्हणजे इसवी सन १२३२. स्वतःला मोसुलचा म्हणवणारे कारागीर पुष्कळ, पण हे भांडे मोसुलातच झाले असे स्पष्ट सांगणारे जडावाचे भांडे हे एवढेच.

शुजा हा उस्ताद. उस्तादाने सही केली यात मोठेसे नवल नाही. नवल पुढे आहे. अथेन्सच्या बेनाकी संग्रहालयात एक लहानशी डबी आहे, १२२० सालची. तिच्यावर नाव आहे इस्माईल इब्न वर्द याचे, आणि तो स्वतःला इब्राहिम इब्न मवालिया याचा शिष्य म्हणवतो. शिकाऊ पोराचे नाव! न्यूयॉर्कला १२२६ सालची एक झारी आहे. तिच्यावर उमर इब्न हाजी जलदक. बोस्टनला १२२५ सालचे एक शमादान आहे. त्यावर अबू बक्र इब्न हाजी जलदक. दोघे बहुधा सख्खे भाऊ, आणि दोघेही स्वतःला अहमद अध्-धकी या नक्काशाचे ‘गुलाम’ म्हणवतात. हा शब्द वाचून दचकू नये. ज्यांचा बाप हजला जाऊन आला ती मुले बाजारात विकत घेतलेली नसावीत. येथे गुलाम म्हणजे उस्तादाच्या हाताखालचा पोरगा.

आणि कैरोच्या इस्लामी कलासंग्रहालयात एक शमादान आहे. त्यावरचा लेख असा की, जडावकाम मुहम्मद इब्न फत्तूह याचे, जो मोसुलचा शुजा नक्काश याचा ‘अजीर’ आहे. अजीर म्हणजे मजुरीने लावलेला माणूस. आपल्या जुन्या मोडी कागदांत ‘अजुरा’ शब्द येतो, भाडे किंवा मजुरी या अर्थाने. तो याच धातूपासूनचा. म्हणजे हा ना शिष्य, ना मुलगा, ना भागीदार. मजूर. आजच्या भाषेत हेल्पर म्हणा, कंत्राटी म्हणा. त्याचे नाव आधी, मालकाचे नंतर, आणि तेही याच्या नावाची ओळख पटावी म्हणून.

येथे मला स्वतःची एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. तरुणपणी मी पितळी भांड्यांच्या एका कारखान्यात होतो. तेथे एक म्हातारे कारागीर होते. त्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू. घागरीचा गळा ठोकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सव्वीस वर्षे काम केल्यावर त्यांना घरी बसायला सांगितले. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ साली झाला होता. आम्ही अर्ज केला. मालकाचे म्हणणे, हा माणूस आमचा कामगारच नव्हे. नगावर मजुरी घेई, मस्टरवर नाव दाखवा. मस्टरवर नाव नव्हते. अधिकाऱ्यांनी पुरावा मागितला. त्या संध्याकाळी दादा मला एका नातेवाइकाच्या घरी घेऊन गेले, मोरीतली घागर उचलली, पालथी केली आणि म्हणाले, “ही माझी. ही ठोक बघ, डावीकडे ओढ आहे. माझं मनगट लहानपणी मोडलं होतं.” घागरीवर छाप कारखान्याचा होता आणि नाव नवऱ्या मुलीच्या आत्याचे. ती घागर काही दप्तरी दाखल करता आली नाही. अखेर तडजोड झाली, मागितल्याच्या निम्म्याहून कमी रकमेवर. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एका जुन्या पुस्तकात मी मुहम्मद इब्न फत्तूहचे नाव वाचले, आणि तेव्हापासून या विषयाने मला सोडलेले नाही.

मात्र मी भाबडा नाही. शुजाने आपल्या मजुराला सही करू दिली ती उदारपणाने, असे मला वाटत नाही. ‘शुजाच्या हाताखालचा’ एवढे म्हटले की मालाला भाव येत असला पाहिजे. मजुराची सही ही उस्तादाच्या दुकानाची पाटीही होती. आमच्या धंद्याच्या सवयीने मी या लोकांची युनियनही शोधून पाहिली. पूर्वीचे काही लेखक मध्ययुगीन इस्लामी शहरांत कारागिरांच्या बळकट श्रेणी होत्या असे सांगत. अलीकडचे अभ्यासक त्याला पुरावा तोकडा आहे म्हणतात. बाजारावर देखरेख असे ती मुहतसिब या सरकारी अंमलदाराची, वजनेमापे आणि मालातली लबाडी तपासण्यापुरती. मजुरी किती, तास किती, याचा लेख कोणत्याही झारीवर नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. बहुसंख्य भांड्यांवर कारागिराचे नाव नाही. पुष्कळांवर मालकाचेही नाही. नुसती ‘याच्या मालकास’ वैभव, भरभराट, आरोग्य आणि दीर्घायुष्य चिंतिलेले असते. म्हणजे भांडे बाजारासाठी तयार केलेले, जो विकत घेईल त्याला हा आशीर्वाद लागू. आपल्याकडे ‘शुभ विवाह’ छापलेली ताटे मिळतात त्यातलाच प्रकार.

मोसुलला हे कौशल्य आले कोठून, यावर एक कथा फार दिवस चालत आली. चंगीजखानाच्या मोंगलांनी १२२१-२२ साली हेरात उद्ध्वस्त केले, कारागीर पळाले आणि मोसुलात येऊन स्थिरावले, अशी ती कथा. ऐकायला सरळ आहे. पण मघाशी सांगितलेली शिष्याची डबी १२२० सालची! हेरात पडण्यापूर्वीच मोसुलच्या उस्तादाचा चेला स्वतः सही करण्याइतका तयार झाला होता. चेला तयार व्हायला वर्षे लागतात, आणि उस्ताद तयार व्हायला त्याहून अधिक. तेव्हा हेरातची माणसे किंवा हेरातची भांडी मोसुलला आधीच पोहोचली असली पाहिजेत, कामाच्या शोधात, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर. माणूस घर सोडतो ते दर वेळी तलवारीच्या भीतीनेच सोडतो असे नाही.

मोसुलवर मात्र ती वेळ खरोखरच आली. बद्रुद्दीन लूलू नावाचा तेथला अधिपती, जो स्वतः एके काळी गुलाम होता, मोंगलांशी जमवून घेऊन १२५९ पर्यंत शहर सांभाळून राहिला. त्याच्या नावाची जडावाची भांडी म्युनिक आणि लंडन येथे आहेत. त्याच्या मृत्यूनंतर वेढा पडला आणि १२६२ साली शहर लुटले गेले. पण त्यापूर्वीच काही कारागीर दमास्कसला गेले होते. हुसेन इब्न मुहम्मद अल्-मौसिली याने १२५९ च्या सुमारास तेथे केलेली झारी पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. अली इब्न हुसेन इब्न मुहम्मद अल्-मौसिली, नावावरून त्याचाच मुलगा म्हणावा असा, १२७५ साली कैरोत काम करताना दिसतो, आणि माल येमेनच्या सुलतानासाठी. गाव सुटले, तरी नावापुढचे ‘मौसिली’ सुटले नाही. सोलापूर किंवा कोकण सोडून मुंबईच्या गिरणीत आलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

या लोकांचे गिऱ्हाईक कोणत्याही एका धर्माचे नव्हते, आणि चित्रेही नव्हती. ईजिप्तचा सुलतान नज्मुद्दीन अय्यूब याच्यासाठी केलेले एक मोठे तस्त वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. त्यावर सुलतानाच्या बिरुदांच्या शेजारीच येशूच्या चरित्रातील प्रसंग जडवले आहेत. हा सुलतान त्याच वेळी क्रूसवाल्या फ्रेंचांशी लढत होता.

याहून चमत्कारिक दैव लूव्रमधील एका दुसऱ्या तस्ताचे. व्यास ५० सेंटिमीटर, पितळेत सोने आणि चांदी. ममलूक राजवटीत, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात केलेले. त्याला नाव पडले ‘संत लुईचे बाप्तिस्म्याचे पात्र’. हा लुई राजा १२७० सालीच वारला होता, तेव्हा त्याचा काही संबंध नाही. पण १६०६ साली तेराव्या लुईचा आणि १८५६ साली तिसऱ्या नेपोलियनच्या मुलाचा बाप्तिस्मा मात्र या तस्तातल्या पाण्याने झाला. मूळ मालकाचे नाव तस्तावर कोठेही नाही. करणाऱ्याचे आहे, आणि एकदा नव्हे, सहा वेळा. काठाखाली ठसठशीत: उस्ताद मुहम्मद इब्न अल्-झैन याची कृती, त्याला क्षमा असो. उरलेल्या पाच सह्या चित्रांत दडवल्या आहेत, अमीरउमरावांच्या सिंहासनांवर, त्यांच्या हातातील पेल्यांवर. फ्रान्सच्या राजपुत्राच्या डोक्यावर पाणी घालणाऱ्या धर्मगुरूला ती अक्षरे वाचता येत नव्हती.

हा धंदा संपला कसा, हेही सांगून थांबतो. मक्रीझी नावाचा इतिहासकार कैरोचाच. १४४२ साली वारला. त्याच्या शहरात जडावकाम करणाऱ्यांचा एक स्वतंत्र बाजार होता. पूर्वी असे घर नव्हते की जेथे या कामाची चार भांडी नाहीत, आणि मुलीला रुखवतात ती दिल्याशिवाय बरे लग्न होत नसे, असे तो सांगतो. त्याच्या हयातीत मागणी आटली. चांदी महाग झाली. लोक जुनी भांडी विकत घेऊन त्यांतली चांदी टोकरून काढू लागले आणि वितळवून विकू लागले. बाजारात काम करणारे थोडेसेच उरले, अशी त्याची नोंद आहे.

म्हणून आज संग्रहालयांतील कित्येक झाऱ्या-तस्तांवर चांदी अर्धीअधिक गेलेली दिसते. माणसांचे चेहरे नाहीत, अक्षरांच्या जागी नुसते खड्डे आहेत. पण चांदी उचकटली त्या ठिकाणी खळगीचा तळ उघडा पडला आहे, आणि भिंगातून पाहिले की पोखरलेली कड दिसते, कलमाचे एकामागून एक पडलेले घाव दिसतात, आणि ते कोणत्या दिशेने ओढले होते हेही दिसते.